घण्याच्या मुठीतली नळी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे घण्या म्हणायचे, आणि त्यात कुणाला गंमत वाटायची नाही. जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत तो घण चालवायचा. जिथे मशीन शिरत नाही तिथे हा शिरायचा, आणि दुपारपर्यंत तिथे भिंत नसायची. त्याचा मुकादम सांगायचा, याला भिंतीचा मनापासून राग येतो, म्हणून याचं काम चांगलं. राग भिंतीवर संपला असता तर मी आज काही सांगायला बसले नसते. उरलेला तो घरी घेऊन यायचा.

मी कोण, तर बस कंडक्टर. एकवीस वर्षं झाली. आवाज मोठा आहे, तोंड फाटकं आहे, आणि फुकट्याला भर रस्त्यात खाली उतरवताना मला आजवर कधी वाईट वाटलेलं नाही. बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि अगदी माझ्या उलट. कुणी हिच्या पायावर पाय दिला तर हीच सॉरी म्हणणार. शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायची आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जाऊन स्वयंपाकाला लागायची. घण्या हिच्या वाट्याला कसा आला म्हणाल, तर लग्न आम्हीच लावून दिलं. पोरगा उंचापुरा होता, हाताला काम होतं, दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. तेवढ्यावर आम्ही खूश. न पिता मारणारी माणसंही असतात, हे आमच्या टाळक्यात शिरलंच नाही.

लग्नाच्या चौथ्या वर्षी तिला दम लागायला लागला. आधी तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर, मग दुसऱ्या, मग पहिल्याच वळणावर ती कठडा धरून उभी. ओठ निळसर, संध्याकाळी पाय सुजलेले. एका डॉक्टरने रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने दमा म्हणून तोंडात मारायचा फवारा दिला. तिसऱ्याने माझ्यासमोर विचारलं, घरी काही टेन्शन आहे का. टेन्शन होतं, सहा फुटी होतं आणि बाहेर बाकावर बसलं होतं. पण त्या शहाण्याचा रोख तिकडे नव्हता. त्याचं म्हणणं, हे सगळं मनाचं आहे. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या त्याने. घण्याने ते ऐकलं आणि त्याला हवं ते आयतंच मिळालं. बाई नाटकं करते, डॉक्टरच म्हणाला.

इमारतीची पाण्याची मोटर जळाली होती ते दिवस. खालून बादल्या भरून वर न्यायच्या. दुसऱ्या वळणावर हिच्या हातातली बादली सुटली आणि पाणी धडाधड पायऱ्यांवरून खाली गेलं. हा मागून येत होता. त्याने तिथेच कानाखाली काढली. ती भिंतीवर आपटली आणि खाली घसरली, डोळे पांढरे, जबडा सैल. कुणालाही कळलं असतं की ही बेशुद्ध पडलीय. याला वाटलं सोंग. सोंग उतरवायला त्याने बरगडीत लाथ घातली, आणि ती हलली नाही म्हणून दुसरी. शेजारणीने दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं. शुद्धीवर आल्यावर माझ्या बहिणीने त्याची माफी मागितली, पाणी सांडलं म्हणून.

हे मला तिने नाही सांगितलं. शेजारणीने सांगितलं, दोन महिन्यांनी, माझ्याच बसमध्ये, आणि वर म्हणाली, मला त्यात पडायचं नव्हतं हो. मी तिला पुढच्या स्टॉपला उतरवलं. तिकीट होतं तिच्याकडे, तरी उतरवलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, बहिणीला उचललं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे एका म्हाताऱ्या डॉक्टरने तिच्या छातीला कान लावल्यासारखं बराच वेळ ऐकलं, मग इको केला, मग मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत घालून आतला दाब मोजला. आजाराचं नाव पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन. हातावर पट्टा बांधून मोजतात तो दाब हा नव्हे. हृदयातून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून जाड होत जातात, वाट अरुंद होते, आणि हृदयाची उजवी बाजू त्या अरुंद वाटेवर जोर लावून लावून थकते. पूर्ण बरा होत नाही. सांभाळता येतो.

त्या दवाखान्यात दर बुधवारी या आजाराच्या लोकांचा वर्ग भरायचा, लिफ्टच्या मशीनशेजारच्या खोलीत. लिफ्ट हलली की भिंत थरथरायची. एक निवृत्त सिस्टर तो चालवायच्या. त्यांना सगळे हेडबाई म्हणायचे. बाईंचा नियम एकच आणि कडक: प्रत्येक पेशंटमागे दोन माणसं शिकली पाहिजेत. एकाला ताप येईल, एक रागावून निघून जाईल, एक मरेल, मग पेशंटने काय करायचं, असं त्या तोंडावर विचारायच्या. म्हणून भिंतीलगत पेशंट, आणि समोर प्रत्येकाच्या नावाच्या दोन खुर्च्या.

पहिल्याच दिवशी हेडबाईंनी घण्याला काम काय करतोस म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "समज, तू घाव घालतोस आणि प्रत्येक घावाला भिंत आणखी जाड होते. किती दिवस टिकशील? हिच्या हृदयाची उजवी बाजू असे दिवसाला लाखभर घाव घालते. चढताना मेंदूला रक्त पोचत नाही, म्हणून ही पडते."

घण्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. भरल्या वर्गात त्याने विचारलं, लाथेने आत काही झालं असेल का. हेडबाई म्हणाल्या, लाथेने काय होतं हे सांगायला तुला वर्ग लागतो का. त्या दिवसानंतर त्याने तिच्यावर हात टाकला नाही. ते तो पुढे सगळ्यांना सांगत सुटायचा, बक्षीस मिळाल्यासारखं.

गोळ्यांनी भागेना, तेव्हा तिला पंप लागला. छातीत कायमची एक बारीक नळी, तिचं दुसरं टोक कमरेच्या पंपाला, आणि पंपातून चोवीस तास थेंबाथेंबाने औषध. रोज ताजं तयार करायचं. हात घासायचे, ओटा पुसायचा, बाटलीतली पावडर द्रावणात विरघळवायची, फेस येऊ द्यायचा नाही, बुडबुडा राहू द्यायचा नाही, पंपाची डबी भरायची, जोडायची. पंप थांबला तर काही मिनिटांत दाब उसळतो आणि माणूस जाऊ शकतो. आणि दुसरी गोष्ट हेडबाई फळ्यावर लिहून, खाली तीन रेघा मारून सांगायच्या. या नळीतून दुसरं काहीही द्यायचं नाही. कुणी सलाईन ढकललं, तर नळीतलं साठलेलं औषध एकदम आत जातं, रक्तदाब कोसळतो, संपलं. सगळ्या डॉक्टरांना हे ठाऊक नसतं, आजार दुर्मीळ आहे. सांगायचं तुम्हाला. खिशात कार्ड ठेवा, कार्ड दाखवा, आमचा फोन लावा.

पहिल्या खुर्चीवर घण्या बसला. दुसरी माझी होती. मी दोन बुधवार गेले आणि मग ड्युटीचं कारण काढलं. खरं कारण सांगते. तो माणूस शेजारी बसून आज्ञाधारक पोरासारखा वहीत उतरवून घ्यायचा, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्याचे ते लोढण्यासारखे हात काचेची इवलीशी बाटली अशी काही धरायचे की बाकीच्या बायका बघत राहायच्या. हेडबाईंनी इतरांना सांगितलं, याच्यासारखं करा. मला ते ऐकवेना. बहिणीचे हात औषधाने थरथरायचे, तिला कसं जमणार, असं घण्या म्हणाला आणि मीही मान हलवली. म्हणजे शिकलेला माणूस एकच राहिला, आणि तो कोण, तर हा.

सात-आठ महिने बरे गेले. ती थोडी चालू लागली, ओठांना रंग आला. मग तिला माझ्याकडे चार दिवस यावंसं वाटलं. तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, जा की, पण डबी कोण भरणार. ती म्हणाली, ताई शिकेल. त्यावर तो उठला, भरलेली डबी हातात घेतली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. जुनी डबी संपत आली म्हणून पंप कुईकुई करायला लागला. तो उभाच. बोलला नाही, ओरडला नाही, हात उगारला नाही. तिने हात जोडून चुकले म्हटल्यावर त्याने डबी बदलली. पुढे महिनाभर हेच चाललं होतं. कधी भाजीवरून, कधी फोनवरून. तिने शेवटी मला सांगितलं ते रडून नाही, सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तशी.

एरवी मी त्याला अहो-जाहो करायचे. त्या दिवशी ड्युटी संपवून थेट तिसऱ्या मजल्यावर गेले आणि अरे-तुरेवर आले. खांद्याला तिकिटाचं मशीन तसंच होतं. ते पट्ट्याला धरून मी त्याच्या तोंडावर फिरवलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यात गेलं, गळपट्टीवर गेलं. पुन्हा फिरवलं ते गालावर बसलं. मला वाटलं आता हा मला जिवंत सोडत नाही. पण त्याने हात खालीच ठेवले. रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाला, "मारा ताई, अजून मारा. मी पडलो तर उद्या हिचं औषध कोण करणार ते ठरवून मारा." मी मशीन परत खांद्याला अडकवलं. खाली उतरताना मी कठड्यावर डोकं आपटून घेतलं, पण उपयोग काय.

चौथ्या दिवशी दुपारी बहिणीला हुडहुडी भरून ताप चढला. नळी असलेल्या माणसाला ताप म्हणजे साधं काम नाही, नळीतून जंतू रक्तात शिरलेले असू शकतात. तिने दोघांना फोन केला. घण्या कामावरून तसाच पळत आला, अंगभर सिमेंटची धूळ, भुवईवर माझ्या कृपेचे टाके. मी पोचले तोवर त्याने तिला उचलून खाली आणलं होतं. आमचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, बाईचं बीपी पडतंय, जवळच्या ठिकाणी नेतो.

जवळचं ठिकाण म्हणजे खचाखच भरलेली कॅज्युअल्टी, आणि तिथे एक तरुण डॉक्टर, डोळे लाल, सकाळपासून पाय टेकले नसावेत. तो वाईट नव्हता. ताप जास्त, बीपी कमी, सलाईन तातडीने हवं, एवढं त्याला बरोबर कळलं होतं. सिस्टरने दोन्ही हातांवर सुया टोचून बघितल्या, शीर मिळेना. मग तिला छातीवरची तयार नळी दिसली. कुणालाही वाटेल, देवच पावला.

घण्या म्हणाला, नळीला हात लावायचा नाही. कार्ड काढायला खिशात हात घातला, तर पाकीट कामावर काढून ठेवलेल्या शर्टात राहिलेलं. कार्ड तिच्या पर्समध्ये असायला हवं होतं. ते हा स्वतःजवळ ठेवायचा, ती कुठे जाऊ नये म्हणून. त्याने तोंडाने सांगायचा प्रयत्न केला, पण घाबरला की त्याचं बोलणं ओरडण्यासारखंच व्हायचं. डॉक्टर म्हणाला, बाहेर व्हा. सिस्टर सिरिंज घेऊन वाकली, तशी घण्याने तिला ढकललं. ती ट्रॉलीवर पडली, ट्रॉली उलटली, काचा फुटल्या. डॉक्टर मध्ये आला, त्याला याने छातीवर ठोसा दिला. कुणीतरी गार्डना हाक मारली.

तिघे आले, लाठ्या घेऊन. घण्या बहिणीवर ओणवा झाला, एक कोपर तिच्या डोक्याशी, दुसऱ्या हाताची मूठ नळी जिथून छातीत जाते तिथे. त्याच्या पाठीवर लाठ्या पडायला लागल्या. धुणं बडवावं तसा आवाज येत होता. मानेवर एक पडली, कान फाटला. दोघांनी त्याला केसांना धरून मागे ओढलं, तो हलला नाही. तिसऱ्याने मुठीवर मारायला सुरुवात केली, बोटांच्या सांध्यांवर, मोजून मारल्यासारखं. आणि मी जवळ होते, मला दिसत होतं. ती मूठ पोकळ होती. हातात अंडं धरावं तशी. आवळली असती तर नळी दबली असती आणि औषध थांबलं असतं. बोटं मोडत होती, मोडल्याचं ऐकू येत होतं, आणि तो मूठ आवळत नव्हता.

आता जे सांगते ते मी हेडबाईंनाही उशिरा सांगितलं. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. दोन बुधवार मी त्या खोलीत बसले होते, फळ्यावरच्या तीन रेघा मला दिसत होत्या. आणि मी गप्प उभी होते. त्याला मार बसत होता आणि मला बरं वाटत होतं. दुसऱ्या वळणावरच्या दोन लाथा, खिडकीतली डबी, सगळ्याची भरपाई होत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाच लाठ्या म्हणा, सहा म्हणा.

मग मूठ सुटली. बोटंच राहिली नव्हती धरायला. सिस्टर पुन्हा वाकली, सिरिंजचं टोक नळीजवळ गेलं, आणि बहिणीने माझ्याकडे बघितलं. ती शुद्धीवर होती. ती सगळा वेळ माझ्याकडेच बघत होती.

भरल्या बसच्या मागच्या दारापर्यंत पोचतो तो आवाज मी काढला. "त्यात सलाईन ढकललंत तर ही दोन मिनिटांत मरेल. हृदयाचं औषध चालू आहे त्या नळीत. दुसरी शीर शोधा, मानेत शोधा, पायात शोधा, आणि हा फोन घ्या, हिच्या दवाखान्याचा आहे." मी हेडबाईंना फोन लावून तो त्या तरुण डॉक्टरच्या कानाशीच धरला. त्याने ऐकलं. अर्ध्या मिनिटात त्याचा चेहरा उतरला. सिरिंज त्याने स्वतः सिस्टरच्या हातातून काढून घेतली, मानेतल्या शिरेत सुई घातली आणि सलाईन लावलं. घण्या खाली काचांत बसला होता. दोन दात जमिनीवर होते. तो पंपाच्या दिव्याकडे बघत होता, हिरवा आहे की नाही ते.

ती वाचली. त्याच संध्याकाळी तिला आमच्या दवाखान्यात हलवलं, नळी बदलली, अकरा दिवस ठेवलं. घण्याची उजव्या हाताची तीन बोटं आणि मनगट प्लास्टरमध्ये. हेडबाईंनी मला वर्गातल्या माझ्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं. मग बहिणीकडे बोट दाखवून आम्हाला म्हणाल्या, हिला खुर्ची कुणी दिलीच नाही का. माझ्या बहिणीला शिकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचे हात थरथरायचे, पण कोपरं टेबलावर टेकवली की स्थिर राहायचे. दिवसाला दोनशे कॉलर लावणारे हात ते. तोवर रोजची डबी मी जाऊन भरायचे; पाचव्या आठवड्यात ती एकटीने भरू लागली.

त्या काळात घण्या समोर बसून प्रत्येक पायरी सांगायचा, चूक दाखवायचा, ते अगदी बरोबर असायचं. चाळीत तो हिरो झाला होता. बायकोसाठी बोटं मोडून घेतली. तीच शेजारीण मला म्हणाली, असा नवरा नशिबाने मिळतो. मी तिच्याकडे नुसतं बघितलं, तर ती घरात पळाली.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या सकाळी बहिणीने मला बोलावलं. मी गेले तेव्हा तिने डबी भरली होती, जोडली होती, आणि पिशवीही भरली होती. त्याला म्हणाली, मी ताईकडे राहायला जाते, तिचं घर तळमजल्यावर आहे. चार दिवस का, त्याने विचारलं. ती म्हणाली, नाही, कायमची.

तो म्हणाला, मी तुला वाचवलं. वाकडी झालेली बोटं त्याने तिच्यापुढे धरली.

"हो, वाचवलंत," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही. आणि ते दुसरंही विसरणार नाही."

त्याचा हात वर गेला. सवयीने गेला असेल, मला तर सवयच दिसली. मी मध्ये पडणार, तेवढ्यात बहिणीचे दोन्ही हात वर आले. तोंड झाकायला नाही. गाल तसाच उघडा होता, त्याच्या समोर, मारायचा तर मार म्हणून. दोन्ही तळवे तिने छातीवर ठेवले होते, नळी जिथून आत जाते तिथे.

त्याने ते बघितलं. हात हवेत तसाच राहिला. मग अगदी बारीक आवाजात त्याने विचारलं, "नळीला हात लावीन मी, असं वाटलं तुला?"

"हो," ती म्हणाली.

तो खाली बसला, भिंतीला टेकून. आम्ही निघालो. मी पिशवी घेतली, तिने पंप सांभाळला, आणि जिना उतरताना ती प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबली. वरून पायांचा आवाज आला नाही.